मधल्या गाडीची चौकशी

नंदाखाल
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. हेमांगी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत, तूही बरी असशील. आईचा गुडघा कुरकुरतो, पण चाफ्याच्या कळ्या खुडायला सकाळी सगळ्यांच्या आधी वाडीत तीच असते. उमंगला नवी कंपनी मानवली आहे. केळीला यंदा घड चांगले आलेत.

तुझ्या क्वार्टरला रेंज नाही, असं आई सांगते. तिचा फोन लागतो, माझा लागत नाही. म्हणजे रेंजही माणूस बघून येत असावी. टोमणा मारत नाही. टपाल सगळ्यांचं सारखंच पोहोचतं, एवढंच म्हणायचं आहे.

आईकडून कळलं की जव्हारकडच्या तुझ्या हद्दीत अकरा पाडे आहेत, आणि वनरक्षक म्हणून तुला ते पायी किंवा काळूराम नावाच्या सहकाऱ्याच्या गाडीवर मागे बसून फिरावे लागतात. आणि तू मोटारसायकल घ्यायचं म्हणते आहेस. डांबरावर पळेल, मातीतही चालेल अशी. फार मोठी नाही, फार लहान नाही. आई तिला ‘मधली गाडी’ म्हणते.

इथवर वाचून पत्र बाजूला ठेवू नकोस. घेऊ नको असं मी सांगणार नाही. उलट तुझ्यासाठी थोडी चौकशी केली आहे.

एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची नऊ चौकशीच्या खिडकीत. लोक विचारायचे, मी सांगायचो. आता उलटं करतो आहे. शिरसाड फाट्याला हायवेलगत एक चहावाला आहे. रविवारी सकाळी सातच्या सुमारास हे मोटारसायकलवाले तिथे जमतात आणि मग वज्रेश्वरीकडे नाहीतर तुझ्या जव्हारकडे सुटतात. मला तिथे नेलं आलोशियसने, आपल्या अँजेलिना टीचरच्या नवऱ्याने. जहाजावरची नोकरी संपवून आला आणि पासष्टाव्या वर्षी असली गाडी घेऊन बसला. चर्चमधली पहाटेची मिस्सा आटोपली की थेट निघतो. गेले चार रविवार मी माझी स्कूटर घेऊन त्याच्या मागे जातो, वही उघडतो आणि प्रत्येकाला एकच विचारतो, तुम्हाला या गाडीकडून काय हवं असतं?

पहिल्या रविवारी लोकांना वाटलं मी आरटीओचा माणूस आहे. दोघे जण चहा अर्धा टाकून, हेल्मेट चढवून निघूनच गेले.

आता उत्तरं ऐक. विरारचा विकी म्हणाला, “काका, पॉवर पाहिजे. बाकी सब बाद में.” त्याच्या गाडीला पुढे इतके दिवे लावलेत की वसईच्या जत्रेत उभी केली तर खपून जाईल. आलोशियस म्हणाला, “नव्वदच्या स्पीडला हाताला मुंग्या येता कामा नयेत. आणि कुठल्या गावात बंद पडली तर तिथल्या मिस्त्रीला उघडता आली पाहिजे. भर समुद्रात जे इंजिन उघडता येत नाही त्याला आम्ही इंजिन म्हणत नव्हतो.” एका बँक मॅनेजरला टाकी मोठी हवी, म्हणजे सारखं पंपावर थांबायला नको. त्याच्या शेजारचा लगेच म्हणाला, टाकी मोठी केली की वजन वाढतं, मग मातीत उतरायचं विसरा. दोघे त्यावर इतके वाद घालत बसले की चहा गार झाला. सीट मऊ हवी, पण उभं राहून चालवताना आडवी येता कामा नये. टायर मातीचा हवा, पण हायवेला गुणगुणता कामा नये.

मला एवढं समजलं की प्रत्येकाला दोन गाड्या हव्या असतात, आणि त्या एकाच गाडीत हव्या असतात. कंपनीवाल्यांची मला दया आली.

सर्वांत जास्त तक्रार उंचीची. दगडावरून जायचं तर गाडीचं पोट जमिनीपासून वर हवं, आणि गाडी वर गेली की माणसाचे पाय लोंबकळतात. तुझी उंची पाच फूट एक आहे हे माझ्या लक्षात आहे. त्यासाठी एक योग्य व्यक्ती सापडली आहे. गिरीजची जेसिका, दातांची डॉक्टर. तुझ्याहूनही बोटभर कमीच भरेल.

उत्तर पाठवायलाच हवं असं नाही. आईला काही सांगितलंस तरी मला पोहोचेल.

तुझे
बाबा


नंदाखाल
सोमवार, १५ डिसेंबर २०२५

चि. हेमांगी,

आशीर्वाद. पत्र पोहोचल्याचं आईने सांगितलं. आरटीओच्या जागी तू हसलीस, असंही म्हणाली. हे तिने मला दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं.

काल जेसिकाची गाठ पडली. तिला मी सरळच विचारलं, तुमचे पाय कसे पुरतात हो?

“पुरत नाहीतच,” ती म्हणाली. “काका, दोन्ही टाचा टेकायला हव्यात हे दुकानात सांगतात. रस्त्यावर एका पायाचा चवडा टेकला तरी भागतं. थांबताना सीटवर थोडं एका बाजूला सरकायचं. आणि थांबायचं कुठे ते आधी बघायचं, जिथे जमीन जरा वर असेल तिथे.”

“मग सीट कापून खाली करून घेत नाहीत?”

“काही जण घेतात. मी नाही घेतली. फोम गेला की बूड दुखतं.” दातांची डॉक्टर असून बोलणं एकदम मोकळं आहे.

मग म्हणाली, उंचीचं सगळे विचारतात, वजनाचं कोणी विचारत नाही. “मातीत पडणार तर आहेच. एकटीला उचलता येते की नाही, तेवढं बघायचं.” मी वहीत लिहून घेतलं, तर म्हणाली, “लिहून काय कळणार? चला.”

मला मागे बसवून तिने मिठागराच्या बांधावर नेलं. आलोशियस आणि विकी मागून आले. तिथे तिने आपली धडधाकट गाडी उतरून सावकाश आडवी केली, जसं झोपलेल्या पोराला गादीवर ठेवावं तशी, आणि मला म्हणाली, “उचला.”

मी हँडल धरून ओढलं. काही हललं नाही. कमरेतून कळ मात्र आली. विकी पुढे आला, त्याने हात घातला, त्यालाही ती गुडघ्यापर्यंतच आली. मग जेसिकाने आम्हाला बाजूला केलं. गाडीकडे पाठ करून ती खाली बसली, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची कडी धरली, पाठ ताठ ठेवली आणि छोटी छोटी पावलं मागे टाकत पायांच्या जोरावर गाडी उभी केली. सगळं मिळून पंधरा सेकंद.

मग पुन्हा आडवी केली. मी तसंच केलं. हेमांगी, दीडशे किलोच्या वरची मोटारसायकल मी त्रेसष्टाव्या वर्षी एकट्याने उभी केली! आणि स्टँड लावायचं विसरलो, त्यामुळे ती पलीकडच्या बाजूला पडली. जेसिका बांधावर बसून हसत होती. गाडीला काही झालं नाही. हातांपुढे त्या संरक्षणाच्या कड्या असतात, त्या याच्यासाठीच.

तुझी आधीची गाडी आपल्याकडे बावखलाच्या तळ्याजवळच्या शेडमध्ये जवळपास वर्षभर उभी असायची. मला तिचा फक्त रंग माहीत होता. तू ती पाडायचीस का, उचलायचीस कशी, मी कधी विचारलं नाही. काल बांधावर हे मनात आलं.

वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे : एकट्या माणसाला उचलता यावी. तुझ्या जंगलात दुसरं कोण असणार आहे.

निघताना मी जेसिकाला सवयीने विचारलं, आणखी काय हवं? तिने आणखी एक गोष्ट सांगितली. ती वहीत लिहिली नाही. इथेही राहू दे. आई हाक मारते आहे, पाटाचं पाणी फिरवायचं आहे.

जपून राहा.

तुझे
बाबा


नंदाखाल
मंगळवार, १३ जानेवारी २०२६

चि. हेमांगी,

आशीर्वाद. उद्या संक्रांत. आईने तिळाच्या वड्यांचा डबा वेगळा पाठवला आहे, तो या पत्राच्या आधी पोहोचेल. आधी वड्या खा.

मागच्या पत्राच्या शेवटी लिहिलं खरं, पण आई मला हाक मारत नव्हती. ती तेव्हा घरीही नव्हती, माणिकपूरला गेली होती.

जेसिका म्हणाली होती, “गाडीकडून आणखी काही नको. घरच्यांनी मी नसताना तिला हात लावू नये, बास.” सहज म्हणाली. तिच्या भावाने एकदा न विचारता गाडी नेली होती आणि पेट्रोल संपवून आणली होती, एवढंच. पण मी वही मिटली ती तीन रविवार उघडली नाही. आलोशियस घरी विचारायला आला, बरं नाही का म्हणून.

हेमांगी, तुझी गाडी चोरीला गेली नव्हती. मी विकली.

हे वाक्य लिहायला तीन कागद फाडले. आता बाकीचं लिहिता येईल.

मे महिना होता, अडीच वर्षांपूर्वीचा. तू परीक्षेच्या तयारीसाठी आठ दिवस मावशीकडे नाशिकला गेली होतीस. बोळींजचे लोक तुला बघायला यायचे होते. त्यांच्याकडून निरोप आला की मुलगी मोटारसायकल घेऊन डोंगरात जाते असं ऐकलं, ते खरं का. मी त्यांना म्हणालो, छे, ती तिच्या भावाची, उमंगची आहे. मग वाटलं, आल्यावर गाडी दिसली, तुला विचारलं, तर तू काही खोटं बोलणार नाहीस. वालीवला जुन्या गाड्या घेणाऱ्या एका गाळेवाल्याकडे गेलो आणि दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन आला. वालीवच्या कंपनीत दोन वर्षं उभ्याने काम करून तू ती घेतली होतीस. पण कागदावर माझं नाव होतं. घेताना मीच म्हणालो होतो, मुलीच्या नावावर कशाला. म्हणून सही माझी चालली.

तू आलीस आणि शेड रिकामी दिसली. मी म्हणालो, काल चोरीला गेली. मी तक्रार देऊन आलो आहे.

तक्रार दिली नव्हती.

पुढचं तुला माहीत आहे, आणि तेच सगळ्यांत वाईट. तू सहा आठवडे ती शोधत होतीस. नालासोपारा, विरार, माणिकपूर, प्रत्येक गॅरेजात मोबाइलवरचा फोटो दाखवत. आणि मी तुझ्याबरोबर यायचो. तू म्हणालीस, बाबा, वालीवला जाऊन बघू. मी म्हणालो, तिथे कालच विचारून आलो.

बोळींजचे लोक येऊन पोहे खाऊन गेले, आणि जमलं नाहीच. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नव्हतं. मग तुझी निवड झाली, प्रशिक्षण झालं, तू जव्हारला गेलीस आणि माझा फोन लागेनासा झाला. तुला कळलं आहे की नुसताच राग आहे, हे मला माहीत नाही. कळलं नसेल तर आज कळलं.

आईलाही माहीत नव्हतं. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर तिला सांगितलं. तिने ताट उचललं, घासलं, पालथं घातलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “त्या चोराला मी किती तळतळाट दिले. म्हटलं, हात झडोत त्याचे. ते सगळे घरातच फिरत होते का?” मग माझे हात बघितले. मग म्हणाली, “तिला लिहा. फोनवर नको, तुम्ही फोनवर अर्धंच बोलता.”

म्हणून लिहिलं. माफ कर असं लिहिणार होतो. पण ते तू ठरवायचं आहे, मी मागून तुला अडचणीत का घालू. नवी गाडी घेशील तेव्हा कागद तुझ्या नावावर कर, माझ्याच काय, उमंगच्याही नको.

तुझे
बाबा


नंदाखाल
सोमवार, २३ फेब्रुवारी २०२६

चि. हेमांगी,

आशीर्वाद. शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तुझा ‘पोहोचले’ असा मेसेज आला. आईला नाही, मला. मी तो तिला दाखवला आणि ती म्हणाली, “चार वेळा दाखवलात, कळलं.”

झालं ते सगळं तुझ्यासमोरच झालं, तरी लिहितो. इकडून ते कसं दिसलं हे तुला ठाऊक नाही.

सात तारखेला तू येऊन दारात उभी राहिलीस तेव्हा मी केळीच्या पानांचा भारा घेऊन येत होतो. भारा खाली ठेवावा की धरून ठेवावा ते कळेना. तू आईशी बोललीस, जेवलीस, उमंगशी हसलीस. माझ्याशी एक शब्द नाही. मी म्हटलं, हेही ठीक आहे, घरात तरी आहे. आणि मग चपला घालत तू म्हणालीस, “चला. वही घ्या.”

रिक्षात मी शेवटी विचारलं, तुला माहीत होतं का. तू बाहेर बघत म्हणालीस, “संशय होता. तक्रारीचा कागद तुम्ही कधी दाखवला नाहीत.”

“मग विचारलं का नाहीस?”

“खात्री झाली असती तर काहीतरी करावं लागलं असतं.”

मला वाटलं होतं आणखी बोलशील. तू रिक्षावाल्याला सांगितलंस, इथून डावीकडे.

शोरूममधला मुलगा माझ्याशीच बोलत होता. तू गाडीवर बसलीस, पायांचे चवडे जेमतेम टेकले, आणि तो मला म्हणाला, “अंकल, मॅडमना उंच पडते. स्कूटर दाखवू का?” मी गप्प बसायचं ठरवून आलो होतो. पण तोंडातून निघून गेलं, “अहो, टाचा कशाला टेकायला हव्यात? एक चवडा पुरतो. मॅडम एका बाजूला सरकून थांबतील.” तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. मग मॅडमनी त्याला गाडी आडवी करून दाखवायला सांगितलं आणि त्याचा चेहरा असा झाला की मला माझे पहिले रविवार आठवले. मॅनेजर आला, खाली पोती टाकली, गाडी आडवी झाली. तू पाठ टेकून बसलीस आणि उठलीस ती गाडी घेऊनच. मला वाटत होतं जेसिकाची युक्ती तुला सांगावी लागेल. तुला ती आधीपासून येत होती. स्टँडही लावलास.

त्यानंतर तू माझी वही मागून घेतलीस, टेबलावर ठेवलीस आणि एकेक विचारायला लागलीस. मातीत मागच्या चाकाच्या ब्रेकचं एबीएस बंद करता येतं का, ट्यूब स्वतः काढता येते का, जव्हारला सर्व्हिस कुठे. त्या मुलाची उत्तरं तू माझ्या अक्षराखाली तुझ्या अक्षरात लिहीत होतीस. मी बाहेर जाऊन दोन ग्लास उसाचा रस घेऊन आलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि मला फार बरं वाटत होतं.

फॉर्मवर नाव लिहायची वेळ आली तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

परवा, एकवीस तारखेला, ती गाडी अंगणात आली. आलोशियस आणि अँजेलिना टीचर आले, जेसिका आणि विकीही आले. आईने हळदकुंकू लावलं आणि टाकीवर चाफ्याची फुलं ठेवली, ती विकीने काढून स्वतःच्या खिशात घातली. आलोशियस इंजिनाला कान लावून बसला होता. दहाला तू निघालीस. हेल्मेट घालता घालता माझ्याजवळ आलीस आणि हळूच विचारलंस, “बाबा, तेव्हा माझ्याबरोबर गॅरेजं फिरत होतात, तेव्हा तुम्हाला आतून काय वाटत होतं?” मी तोंड उघडेपर्यंत काच खाली झाली होती. तू गाडी चालू केलीस आणि गेलीस. बरं केलंस. तिथे मी नक्की खोटं बोललो असतो. म्हणालो असतो, बेटा, मनाला फार लागत होतं.

दोन दिवस विचार करतो आहे. मागच्या पत्रात सगळं लिहिलं असं मला वाटलं होतं. हे राहिलं होतं.

मला बरं वाटत होतं.

त्या सहा आठवड्यांत तू माझ्याशी जेवढं बोललीस तेवढं त्याआधी दहा वर्षांत बोलली नव्हतीस. स्कूटरवर मागे बसून सांगायचीस, कुठल्या डोंगरावर कुठली वाट जाते, कुठे नदी ओलांडलीस, कंपनीतली सुपरवायझर उर्सुला कशी छळते. विरारला गॅरेजवाल्याने हिडीसफिडीस केलं तेव्हा तू माझा दंड धरलास. सोपाऱ्याला पावसात अडकलो, एका पत्र्याखाली भजी खाल्ली आणि तू म्हणालीस, “गाडी नाही सापडली तरी चालेल, तुम्ही एवढे फिरलात.” तेव्हा लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त मला वाटलं, उद्या कुठे जायचं. मीच नवनवी गॅरेजं शोधून काढायला लागलो होतो. गाडी सापडणार नाही हे पक्कं माहीत असलेला मी एकटाच होतो, आणि शोध संपू नये असं वाटणाराही मीच.

असं वाटणं चांगलं की वाईट हे मला ठरवता आलेलं नाही. वाईटच असावं. पण तू आतलं विचारलंस, आणि आत हेच होतं.

आईने हे पत्र वाचायला मागितलं नाही. काल संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाली की पोरगी आता घरी यायला कुणाच्या गाडीची वाट बघणार नाही, येईल तेव्हा येईल. मला तेवढं पुरेसं आहे.

रस्त्यात कुठेही पडलीस तरी मला सांगायचं नाही असं करू नकोस. उचलून झाल्यावर सांग.

तुला, आणि तुझ्या नावावरच्या गाडीला आशीर्वाद.

सहा आठवडे तुझ्याबरोबर फिरलेला,
बाबा